थांबलेली प्रत

वॉर्डात नर्स असलेल्या ताईने दाखल सुताराला इंजेक्शन दिलं आणि सातव्या मिनिटाला त्याचा श्वास थांबला. ते औषध त्याला चालत नाही हे त्याच्या बायकोने दहा वाजताच सांगितलं होतं, संगणकात नोंदही झाली होती. ताई म्हणत होती, सव्वाअकराला वॉर्डच्या स्क्रीनवर काहीच नव्हतं. दुपारी चारला तिची चौकशी होती.

तिचा धाकटा भाऊ त्याच रुग्णालयाचा डेटाबेस सांभाळायचा. मूळ डेटाबेसने गायचं आणि प्रतीने मागून तेच ध्रुपद धरायचं, म्हणजे मूळमध्ये पडलेली प्रत्येक नोंद लगेच प्रतीत उतरायची, अशी तिथली रचना. वॉर्ड वाचायचे प्रतीवरून. मधे पूलर, म्हणजे शेकडो स्क्रीनच्या मागण्या मोजक्या जोडण्यांवर वाटून देणारं सॉफ्टवेअर.

"सगळं हिरवं आहे की," त्याचे साहेब खांद्यावरून स्क्रीनकडे डोकावत म्हणाले.

हिरवंच दिसणार. प्रत मूळशी जुळते का हे बघणारी तपासणीसुद्धा पूलरमधूनच जात होती आणि पूलर तिला दोन्ही खेपेला मूळ डेटाबेसकडेच धाडत होता. मूळची तुलना मूळशीच!

त्याने प्रत थेट उघडली. शेवटची नोंद पावणेदहाची.  पावणेदहाला त्यानेच सगळे पत्ते पूलरकडे वळवले होते, आणि त्या ओघात प्रत जिथून नोंदी उतरवून घ्यायची तो पत्ताही. नोंदी उतरवण्याची जोडणी पूलरमधून चालत नाही, ती थेटच लागते.

"जोड थेट," साहेब हळूच म्हणाले. "दहा मिनिटांत प्रत बरोबरीला येईल. कुणाला पत्ता लागणार नाही."

"मग ताईला काय दिसलं, तेही पुसलं जाईल."

"अरे शहाण्या, नोकरी जाईल तुझी!"

त्याने आधी सगळे वॉर्ड मूळ डेटाबेसवर वळवले, दुसऱ्या कुणाचा जीव नको जायला. प्रतीला मात्र हात लावला नाही. मग ताईला फोन केला.

"बाळ्या, सापडलं का रे काही?"

"सापडलं. माझ्याच हातून झालंय, ताई."



"जेवलास का?" तिने विचारलं, आणि तिला रडू फुटलं.

चारला त्याने चौकशीच्या टेबलावर ती थांबलेली प्रत उघडली. सुताराचं पान. 'न चालणारी औषधं' या रकान्यात काही नाही. खाली : प्रकृती स्थिर.

सुताराची बायको पुढे वाकली. "पण मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंत, काकू. लिहिलंही होतं."

"मग?"

ताईकडे न बघता तो पावणेदहापासून सांगू लागला.