उतुप्पूचेट्टनचं रडणं

उतुप्पूचेट्टनने कमरेच्या मुंडूचं, म्हणजे लुंगीचं, टोक उचललं आणि त्यात नाक शिंकरलं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी असा दणका बसला की दारात उभ्या, घंटा वाजवणाऱ्या कप्यार चाकोने दचकून चर्चच्या घंटेकडे पाहिलं. त्याच्याशिवाय ती वाजवतं कोण!

पडद्यावरचा पापी अजून पहिलंच पाप करत होता.

"अगं बाई, आत्ताच पाझर फुटला!" शेजारची मरियम एलियाम्माच्या कानाशी लागली. "काय मऊ काळीज आहे हो तुमच्या थोरल्या दिरांचं!"

"मऊ नाही, नासलंय," एलियाम्मा म्हणाली. "नासका फणस असाच गळतो."

ईस्टरआधीच्या पन्नास दिवसांच्या उपासात मासे-मटण बंद, थिएटरची वाट बंद. म्हणून फादरनी हा पश्चात्तापाचा सिनेमा चर्चच्या सभागृहातच आणवला होता. रविवारची दुपार, खिडक्यांना काळी कापडं, आत अख्ख्या गावाची वाफ. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. मधल्या वाटेच्या पलीकडे पहिलाच उतुप्पूचेट्टन, अलीकडे पहिलीच एलियाम्मा. तोंड फिरवायलाही जागा नव्हती.

उतुप्पूचेट्टनचं रडणं पंचक्रोशीत गाजलेलं. सिनेमात चोर सुधारला, दारुड्या गुडघ्यांवर आला, की हा फुटलाच. गेल्या वर्षी म्हणे पुढच्या बाकावरच्यांनी पाय वर घेतले होते, आणि कुणाचीशी वहाण तरंगत दारापर्यंत गेली. वहाणेचं सोडून द्या, पण पाय वर घेतले होते, हे पाहणारे अजून जिवंत आहेत. खेळ संपला की तो बाहेर येऊन काळा चहा फुंकत सांगायचा, "आत्मा कसा तांदळासारखा स्वच्छ धुऊन निघाला!"

तांदूळ तो दरवर्षी धुवायचा. शिजवून कुणाच्या पानात मात्र कधी वाढला नव्हता.

एलियाम्मा त्याच्या धाकट्या भावाची विधवा. अठरा वर्षांपूर्वी तिच्या रोसिलीचं लग्न ठरलं, चर्चमध्ये दोघांची नावं पुकारूनही झाली. तेव्हा उतुप्पूचेट्टन मुलाकडच्यांना भेटून एवढंच म्हणाला होता, की पोरगी सोन्यासारखी आहे, फक्त अधूनमधून झटके येतात. लग्न मोडलं. वर्ष सरायच्या आत त्याच घरात त्याची स्वतःची मुलगी त्रेसिया सून म्हणून गेली. रोसिली मस्कतला नर्स झाली आणि एकटीच राहिली. त्या दिवसापासून दीर-भावजयीत शब्द नव्हता. एलियाम्माला त्याच्याकडून दुसरं काही नको होतं. गावासमोर एकदा म्हणावं, मी खोटं बोललो, बस्स.

हा सिनेमा तिने मागच्याच आठवड्यात बहिणीच्या गावच्या चर्चमध्ये पाहिला होता. शेवटी पापी ज्या बाईचं वाईट केलं तिच्याच उंबऱ्याशी गुडघे टेकतो, व्हायोलिनं वाजायला लागतात, आणि तेव्हा एलियाम्मालाही हुंदका आला होता. घरी येऊन तिने साबणाने तोंड खसखसून धुतलं. जे आपल्याला इतक्या वर्षांत गिळता आलं नाही, ते पडद्यावरची बाई अर्ध्या गाण्यात गिळते, आणि आपण वर रडतो! तिला स्वतःचीच शिसारी आली होती.

आता तो पापी पुन्हा त्याच उंबऱ्याशी पोचला. गुडघे टेकून त्याने सगळं कबूल केलं. बाई दारात आली. तिचे ओठ हलले, आणि वीज गेली.

"घ्या! नेमकी आत्ता!"

"चाको, जनरेटर लाव रे!"

"जनरेटर डिझेलवर चालतो," चाको अंधारातून ओरडला, "तुमच्या माळा जपण्यावर नाही!"

हशा पिकला. त्या हशातून उतुप्पूचेट्टनचा रडवेला आवाज आला. "काय म्हणाली ती? फादर, माफ केलं का तिने?"

फादर डिझेल शोधायला बाहेर गेले होते.

"अरे, कुणी पाहिलाय का हा सिनेमा?"

"एलियाम्माचेडत्तीने पाहिलाय की," मरियम बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

हसणं बंद पडलं. या दोघांचं वाकडं गावात कुणाला ठाऊक नव्हतं!

"एलियाम्मा," वाटेपलीकडून आवाज आला. "काय म्हणाली गं ती?"

इतक्या वर्षांनी पहिला शब्द, तोही पडद्यावरच्या बाईसाठी. एलियाम्माने हातपंखा थांबवला.

"तिला आधी कुणीतरी सांगितलं होतं," ती म्हणाली. "काय केलं, कुणाचं केलं, सगळं. मग ती बोलली. न सांगणाऱ्याशी कोण काय बोलणार?"

मग जीव गुदमरून कुणीतरी खिडकीचं कापड बाजूला ओढलं, आणि भर दुपारचं ऊन आत कोसळलं.

उतुप्पूचेट्टन मधल्या वाटेत उभा होता. ना व्हायोलिन, ना मेणबत्ती. मुंडू कडेने भिजून चिकटलेला, ओठाला लाळ. डोळे मात्र ठणठणीत कोरडे.

"रोसिलीला झटके येत नव्हते," तो म्हणाला. "कधीच नव्हते. मी रचलं ते. माझ्या त्रेसियाचं जमावं म्हणून."

आणि वीज आली.

पंखे गरगरले, कापड पुन्हा खिडकीवर पडलं, पडद्यावरची बाई म्हणाली, "ये बाबा, आत ये." व्हायोलिनं वाजली. सगळ्या माना एका झटक्यात तिकडे वळल्या आणि सभागृह हमसून रडायला लागलं. मरियमने पदर तोंडात कोंबला. उतुप्पूचेट्टनच्या टकलाची सावली पडद्यावर, नेमकी त्या दारात पडली होती.

"ए म्हाताऱ्या, खाली बस की!" मागून कुणीतरी ओरडलं. "ऐन रंगात आलंय!"

तो वळला. त्याच्या जागेवर तोवर एकाने बूड टेकलं होतं. दुसरीकडे कुठे जावं, ते त्याला सुचेना.

एलियाम्माने बाकावरची छत्री उचलून मांडीवर घेतली.

"बसा," ती म्हणाली. पडद्याकडेही पाहत नव्हती, त्याच्याकडेही नाही. "संध्याकाळी घरी या. रोसिलीचा फोन येतो."

तो बायकांच्या बाकाच्या टोकाला टेकला. एलियाम्मा नाक मुरडून पलीकडे सरकली. फार नाही, वीतभर.