बोचक्यावरची ड्यूटी

कडेगावच्या स्टँडवर आमचा स्थलांतरित मदत कक्ष आहे. कक्ष म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि पाच भाषांतलं एक पोस्टर : 'घाबरू नका, आम्ही आहोत.' खाली नंबर माझा. त्या पाचांतल्या दोनच भाषा मला येतात, आणि त्यातल्या एकीत मी स्वतःच घाबरतो.

त्या सकाळी फलाटावर एक बाई बोचक्यावर बसून होती. खांद्यावर लाल गमछा, मांडीवर तापानं फणफणलेली पोरगी. रिक्षावाला म्हणाला, ओडिशाकडची माणसं हायत, वीटभट्टीच्या कामाला आलीत, नवरा भट्टी शोधायला गेलाय. रिक्षा तयार होती, दवाखाना जवळ होता. पण बाई जागची हलेना.

कक्षाचे प्रमुख आण्णा हे रिटायर सुभेदार. त्यांची हिंदी परेडची.

"बच्ची को दवाखाना! तुरंत! आगे बढ!"

बाईनं पोरगी आणखी घट्ट धरली. फलटणच्या एसटीच्या ड्रायव्हरनं मात्र गाडी दोन फूट पुढं घेतली.

"ऐकू येत नसंल," म्हणून आण्णांनी तेच आणखी मोठ्यानं सांगितलं. मग हरले. "कपिल, अंबूबाईला आण जा."

आमच्या भागातली कितीतरी घरं गलाईला, म्हणजे जुनं सोनं गाळायच्या धंद्याला, देशभर पांगलीत. अंबूबाईनं नवऱ्यामागं ओडिशातल्या कटकात अर्धं आयुष्य काढलं. तिथली भाषा ती भाजीबाजारात शिकली, त्यामुळं तिनं मायेनं विचारपूस केली तरी वांग्यांच्या भावावरून भांडल्यासारखं वाटतं.

ती आली, कमरेवर हात ठेवले आणि उडियात कडाडली. बाई चमकली. मग तीही कडाडली. हे असं जुंपलं की बघ्यांतल्या एकानं मला विचारलं, "काय इकाय आणलंय गड्या?" आणि एकदम बाई रडायला लागली. अंबूबाईनं पदरानं तिचे डोळे पुसले.

"काय म्हणती?" आण्णांनी विचारलं.

"नवरा सांगून गेलाय, मी येईस्तवर हितनं हलायचं न्हाई. हिच्याकडं फोन न्हाई, त्याचा नंबर पाठ न्हाई. ही उठली आन् तो येऊन गेला, तर एवढ्या मुलखात त्याला हुडकायचा कुठं?"

"मी बसतो की बोचक्यावर," मी म्हणालो.

अंबूबाईनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बायकूच्या जागी तू बसलेला बघितला, तर आधी तुलाच दवाखान्यात न्यावं लागंल."

आणि तीच बसली. बाईनं जरा विचार केला. मग स्वतःचा लाल गमछा काढून अंबूबाईच्या डोक्यावर घातला, नवऱ्याला लांबनं ओळखू यावा म्हणून.

"मलाबी आमच्या ह्यांनी कटकच्या स्टेशनावर असंच बसवून ठिवलं हुतं," अंबूबाई म्हणाली.

"मग?"

"मग काय. बसले. 'तू जा, मी बसते' असं म्हणणारं कुणी न्हवतं. पळा आता, पोरगी तापलीया."

दवाखान्यात पोरीला सलाईन लागली. आई तिचा हात धरून दाराकडं बघत होती. आण्णा स्टँडवरून मला फोनवर रिपोर्ट देत होते. कुण्या दानशूर प्रवाशानं अंबूबाईपुढं केळं ठेवलं. तिनं ते पिकलं नाही म्हणून परत केलं. मग तिची सून विजयमाला स्कूटीवरून आली.

"आवं आत्या, लोक काय म्हणतील?"

"लोकास्नी सांग, ड्यूटीवर हाय."

दुपारी पोरीचा ताप उतरला. तिनं डोळे उघडले, मला बघितलं आणि भोकाड पसरलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, लक्षण चांगलं आहे.

तेवढ्यात परत आण्णांचा फोन. "आला रं! लाल गमछा बघून मागनं पळत आला, खांद्यावर हात ठिवला. हिनं तोंड वळवलं. गडी असा वरडला, विट्याच्या एसटीनं ब्रेक दाबला!"

फोनमध्ये आण्णांच्या मागं दोन आवाज उडियात कडाडत होते. मी फोन बाईच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

आण्णांनी नवऱ्याला बुलेटवरून दवाखान्यात आणलं. पोरगी त्याच्या गळ्यात पडली ती सुटेना. अंबूबाई मात्र आली नव्हती. मी फोन केला.

"त्यांचं बोचकं टाकून कशी यिऊ रं?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टरवरचा माझा नंबर खोडला आणि तिचा लिहिला. आता कुणी फोन केला की ती आधी वरडते. मग येते.