अडवलेला शब्द

माउसचं छोटं चाक निलमच्या बोटाखाली थांबलं, कारण पडद्यावर एकाखाली एक तीन लाल ओळी होत्या – अडवलेले शोध, मंगळवार, संगणक चार – आणि तिन्हींत तेच, शब्द थोडे मागेपुढे : सोळाव्या वर्षी लग्न लावत असतील तर कुठे फोन करायचा.

चार नंबरवर रोशनी बसते. दहावीची, रानशेतची, तलासरीला शाळेच्या वसतिगृहात राहणारी... गुरुवारी तिचा काका मोटारसायकलवर आला, ‘आजीला बरं नाय’ म्हणून तिला घेऊन गेला, आणि गेटवरच्या वहीत सही कुणी केली – निलमनंच, संगणकाच्या बाईंनी. आज सोमवार.

‘लग्न’ हा शब्द अडवायच्या शब्दांच्या यादीत घातला तोही तिनंच. गेल्या वर्षी इथल्याच संगणकावर एका मुलाशी ओळख होऊन नववीतली एक मुलगी वापीला निघून गेली, आठ दिवसांनी सापडली, तोवर तिची आई स्टाफरूमच्या दारात नुसती बसून... त्यानंतर प्रेम, लग्न, पळून – एकेक शब्द टाइप करताना वाटलं होतं, आपण दाराला कडी लावतोय. वर्षभर खरंच काही घडलं नाही. आणि मंगळवारी तास सुटताना रोशनी जवळ येऊन म्हणाली, “बाई, ते उघडत नाय.” आपण काय म्हणालो? “उघडायचंच नाही ते.” मान वर न करता.

आधी स्वतःसाठीच भीती वाटली – अडवलेल्या शोधांची नोंद रोज बघायची असते, बघितली नाही – आणि मग स्वतःचीच.

मुख्याध्यापक प्रविण सरांनी ओळी दोनदा वाचल्या. “शब्द काढू नका हं, बाई. यादी होती म्हणून तर कळलं.”

“सहा दिवसांनी, सर.”

“मैत्रिणीसाठी विचारलं असेल. आधी खात्री करा.”

काकाचा फोन बंद होता. व्हरांड्यात येऊन तिनं मुलांच्या मदतीचा नंबर लावला. पलीकडच्या बाईनं शांतपणे विचारलं, “मुलगी आता कुठे आहे?”

“रानशेतला.”

“पाडा कोणता? घर कुणाच्या शेजारी?”

मुलीनं कोणत्या मिनिटाला कोणता शब्द लिहिला ते निलमला माहीत होतं, आणि घर... घर कधी विचारलंच नव्हतं.

“ठेवू नका,” ती म्हणाली, “फोन ठेवू नका,” आणि रोशनीचं घर कुणाला ठाऊक आहे ते विचारायला मुलींच्या खोल्यांकडे धावत सुटली, तेव्हा तिचा आवाज तिलाच ओळखू येईना – इतका बारीक, इतका लहान मुलीसारखा.