सरसकट तीन नंबर

कोरियातल्या इंचॉन शहरात, परीक्षा असलेल्या शाळेच्या फाटकाशी नणंदेनं मी-ओकच्या तोंडात चिकट मिठाई कोंबली. परीक्षेच्या दिवशी ती खाल्ली की यश चिकटतं म्हणतात. मी-ओकचे दात तेवढे चिकटले.

"सांग बघू, उत्तर येत नसेल तर?"

"सरसकट तीन नंबर, वन्सं."

"'कधीच', 'प्रत्येक वेळी' असं लिहिलेला पर्याय?"

"खोटा."

"आणि पहिलं सुचलेलं उत्तर?"

"बदलायचं नाही."

"शहाणी गं माझी. नव्या दुकानाची पाटी रंगवायला टाकलीये. नाव तुझं, खुर्ची माझी."

ही परीक्षा घरदलालीच्या परवान्याची, आणि एका परवान्यावर एकच दुकान चालतं. नणंदेचं एक होतंच. दुसऱ्यासाठी तिला भावजयीचं नाव हवं होतं. लबाडी उघडी पडली की पोलीस पाटीवरचं नाव आधी धरतात, आणि नणंदेची लबाडी मी-ओक रोज डोळ्यांनी बघत होती. पास होऊन वेगळं दुकान थाटावं, तर डोक्यावरचं छप्पर नणंदेचं आणि नवरा तिच्याच गाडीवर ड्रायव्हर. बहिणीपुढं त्या गृहस्थानं आजवर चकार शब्द काढला नव्हता.

आपण सरळ मार्गानं नापास होऊ, अशी मी-ओकला आशा होती. पण मेला पेपर सोपा निघाला. सगळ्यांसारख्या तिनंही आधी प्रश्नपत्रिकेवरच खुणा केल्या. उत्तरपत्रिकेतले गोळे शेवटी काळे करायचे. एका प्रश्नाशी ती अडली. आपला परवाना दुसऱ्याला वापरायला दिला, तर शिक्षा कुणाला? पर्याय वाचायची गरजच नव्हती. देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही.

थोडाच वेळ उरलाय, असं पर्यवेक्षकानं बजावलं. मी-ओकनं पेन उचललं आणि पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत तीन नंबरचेच गोळे भरत सुटली. येत होतं त्यालाही तीन. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटलं.

बाहेर नणंद गाडीपाशी उभीच होती.

"कसा गेला?"

"फार अवघड, वन्सं. सरसकट तीनच करावं लागलं."

नणंद चिडली नाही. हसत तिनं गाडीचं दार उघडून धरलं.

"वाटलंच मला. पहिल्या खेपेला कोण पास होतंय? पाटी काय, पडून राहील. क्लासमध्ये पुढच्या वर्षासाठी तुझं नाव मी कालच घातलंय. बस आत, आज पहिला तास आहे."

मी-ओकनं स्टिअरिंगवर बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं गाडी सुरू केली.