सगळं ठणठणीत असताना

सुताराला एचआयव्ही असल्याचं कळून बरीच वर्षं लोटली होती. रोजची गोळी तो दात घासावेत तशी घ्यायचा. आता रक्तात विषाणू सापडूही नये, जोडीदाराला लागूही नये इतका कमी झाला होता आणि याचा त्याला आतून मोठा अभिमान होता. म्हणून नेहमीच्या तपासणीला तो ऐटीत जाऊन बसला.

दवाखान्यातली सिस्टर नवीन होती. रक्त घेऊन झाल्यावर ती सहज म्हणाली, “दादा, आज लघवीही द्या. घशातला आणि मागच्या बाजूचा, म्हणजे शौचाच्या जागेचा, स्वॅब घेऊ. गुप्तरोगांसाठी.”

सुताराचा चेहरा पडला. “का हो? माझ्याकडे बघून तसं काही वाटलं का तुम्हाला?”

“छे हो. इथे येणाऱ्या सगळ्यांनाच विचारतो आता आम्ही.”

“पण मला जळजळ नाही, फोड नाही. ठणठणीत आहे मी.”

“म्हणूनच. ज्याला त्रास होतो तो आपल्या पायाने येतो. बाकीच्यांना कळतच नाही.”

“आमच्या लाकडाला कीड लागली की खाली भुसा तरी पडतो.”

“इथे भुसा पडत नाही, दादा. तीच तर पंचाईत आहे.”

त्याला हसू आलं, पण कानही तापले. “मग लघवीवरच भागवा ना.”

“लघवीत मागचं कळत नाही.” तिने स्वॅबची काडी त्याच्या हातात दिली. “बाथरूममध्ये दार लावून तुमचा तुम्हीच घ्या. थोडी आत घालायची आणि हळूच फिरवायची. मी काही बघायला येणार नाही.”

तो पुटपुटत गेला आणि घेऊन आला.

पुढच्या आठवड्यात सिस्टरचा फोन आला तेव्हा तो ड्रॉवरचे कोपरे जोडत होता. घसा आणि लघवी स्वच्छ होती, मागच्या बाजूला क्लॅमिडिया नावाचा गुप्तरोग सापडला होता. “घाबरू नका,” ती म्हणाली, “आठवडाभर गोळ्या घेतल्या की जातो. तोवर शरीरसंबंध नको. आणि जोडीदाराला घेऊन या.”

कोपऱ्यांवरचा सरस सुकून गेला तरी त्याला जोड दाबून धरणारा क्लॅम्प आवळायचं सुचलं नाही.

जोडीदार म्हणजे आचारी. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कामाला असलेला, गोल पोटाचा, मोठ्या आवाजाचा. दोघं एकत्र राहायला लागून वर्षही झालं नव्हतं. मित्रांनी त्यांचं नाव ‘रंधा आणि झारा’ ठेवलं होतं. आचाऱ्याला एचआयव्ही नव्हता. सुताराचं त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तो जराही बिचकला नव्हता. पण याला तो काय म्हणेल? एचआयव्हीचं कळलं तेव्हा सुतार थोरल्या भावाकडे राहायचा. कोणी चकार शब्द काढला नाही. फक्त वहिनीने त्याचा कप उचलून खिडकीत वेगळा ठेवला. हत्यारांची पिशवी घेऊन तो तिथून निघाला होता.

जेवणाची वेळ उलटल्यावर तो कॅन्टीनमध्ये गेला. आचारी भलंमोठं पातेलं घासत होता. सुताराने एका दमात सांगून टाकलं.

“कोण होता तो?” आचाऱ्याने विचारलं.

“कोणी नाही. तुझी शपथ.”

“मग हे आकाशातून पडलं?”

“महिनोन्महिने गप्प पडून राहतं म्हणे. आपण एकत्र येण्याआधीचंही असेल. माझं, नाहीतर...”

“नाहीतर माझं. बोल की!”

आचाऱ्याने घासणी आपटली. संध्याकाळी घरी आला तो तोंड फुगवूनच. सकाळी मात्र दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा.

“चल.”

“कुठे?”

“लग्नाला! अरे दवाखान्यात, अजून कुठे?”

दवाखान्यात सुई बघताच एवढा धिप्पाड माणूस पांढराफटक पडला. सिस्टरने त्याचेही नमुने घेतले आणि निकालाची वाट न बघता त्यालाही गोळ्या सुरू केल्या. निकाल फोनवर आला. त्याच्या लघवीत तेच निघालं.

आचारी फोन ठेवून घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला. “म्हणजे मीच दिलं तुला. तू इतकी वर्षं स्वतःला जपलंस आणि मी...”

“किंवा मी तुला दिलं. सिस्टरलाही सांगता येत नाही. तू कुठला मोठा डॉक्टर लागून गेलास?”

“माझा राग नाही आला?”

“आला. तोंड फुगवून बसलास त्याचा. मला वाटलं, आता हाही जाणार.”

आचाऱ्याने उंबऱ्यावर सरकून त्याला जागा केली. मग हळूच म्हणाला, “मला वाटलं, तू मला जा म्हणशील.”

तेवढ्यात त्याला मळमळायला लागलं. जगाला खाऊ घालणाऱ्या या माणसाने गोळी उपाशीपोटी घेतली होती. सुताराने ओरडत ओरडत पाव भाजला, एका बाजूने पार कोळसा केला, आणि आचाऱ्याने तो निमूटपणे खाल्ला.

तीन महिन्यांनी दोघांची पुन्हा तपासणी झाली. काही सापडलं नाही. “आता दर वेळी रक्ताबरोबर हेही करत जाऊ,” सिस्टर म्हणाली.

“सिस्टर,” आचाऱ्याने आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, “माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांना पाठवू का? तेही स्वतःला ठणठणीत समजतात.”

बाहेर बाकावर बसलेली माणसं वळून बघायला लागली. सुताराने त्याला कोपराने ढोसलं, पण स्वतःची मान काही खाली घातली नाही.

“जरूर पाठवा,” सिस्टर म्हणाली.