फर्निचर नावाचा बँड

मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. वजन अठ्ठावीस किलो, रंग कधीकाळी काळा, एक कोपरा फुटका. गिटारवाला नुसती तार छेडतो तेव्हा शेजारी बसलेला माणूस मानसुद्धा वर करत नाही. तोच सूर माझ्या पोटातल्या चार काचेच्या नळ्यांमधून गेला, की भिंतीवरची घड्याळं हलतात. मित्रांनो, आत्मवृत्ताच्या सुरुवातीला थोडा नम्रपणा दाखवायचा असतो म्हणे. मला तो जमणार नाही. मी हार्ड रॉकच्या बँडमध्ये वाढलो, आणि मला एका माणसावर सूड उगवायचा होता.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड चष्म्याच्या एका बाईंनी माझ्या आतल्या तारा एकेक करून जोडल्या. शेवटी त्यांनी मला चालू केलं, कान जवळ आणला आणि म्हणाल्या, "हं, हा बोलेल." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. दुसरी मिळायला फार वर्षं गेली.

दुकानातून मला लंबूने आणलं. लंबू म्हणजे गिटारवाला. दारातून वाकून जाणारा, केस नाकापर्यंत, बोलणं दिवसाला दहा वाक्यं. त्याचा दोस्त ठोक्या. तो ड्रम वाजवायचा आणि लंबूच्या वाट्याचंही बोलायचा. हे दोघं ज्या बँडमध्ये होते, त्याचा गायक स्वतःला 'राजे' म्हणवून घेई. आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्यांना पुरलं नव्हतं. मीही त्यांना राजेच म्हणतो. ज्याचा हिशेब चुकता करायचा, त्याचा मान आधी नीट राखावा.

राजेंनी पहिल्याच दिवशी माझ्या आवाजाच्या बटणाशेजारी चिकटपट्टी लावली. तिच्यावर लिहिलं, 'चारच्या पुढे नाही.' माझ्या बटणावर आकडे दहापर्यंत आहेत. म्हणजे सहा आकडे नुसते शोभेला! गळा त्यांचा, गर्दी त्यांची, आणि आम्ही मागे गुणगुणायचं.

पण हे काहीच नाही. प्रत्येक गाण्याच्या शेवटी राजे माझ्या पाठीवर चढत. टाचेला लोखंड ठोकलेले बूट होते त्यांचे. वर उभे राहून हात पसरत, लोकांना पोटभर ओरडू देत, आणि मग खाली उडी मारत. दोन्ही बूट मंचाच्या फळीवर आदळले, की तो गाण्याचा शेवटचा ठोका. लंबू आणि ठोक्या त्या क्षणी थांबत. अठरा वर्षं असंच चाललं. माझा कोपरा त्यातच फुटला. तेव्हा राजे म्हणाले होते, "जरा भक्कम घ्यायचा ना रे!"

एकदा लंबूने एक धून बांधली. साधीच, जिना उतरल्यासारखी खाली येणारी. ठोक्याने तिला चाल दिली, थोडी लंगडी, आणि त्या लंगडण्यातच तिची सगळी ऐट होती. राजेंनी तिच्यावर शब्द घातले आणि ते गाणं गल्लोगल्ली पोचलं. कॅसेटच्या वेष्टनावर छापून आलं: शब्द, चाल आणि कल्पना, राजे. लंबू ते वेष्टन उलटसुलट करून बघत राहिला. ठोक्या म्हणाला, "आत लिहिलं असेल रे." आतही नव्हतं.

पुढे एक मुलाखतवाली बाई आली. तिने त्या दोघांकडे बोट करून विचारलं, "आणि हे?"

"हे ना?" राजे हसले. "फर्निचर आहे ते. चांगलं आहे, पण फर्निचर."

मला काही लागलं नाही, मी तसा लाकडीच. पण ठोक्याच्या हातातली काठी मोडली, आणि तो त्या वेळी काही वाजवत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी दोघांनी मला उचलून ठोक्याच्या मोठ्या बहिणीच्या कारखान्यात नेलं. ताई जुने सोफे नव्याने भरून द्यायच्या. खोलीभर फोमचे ठोकळे, उघड्या पडलेल्या स्प्रिंगा, कापडाचे तागे. इथे कितीही आवाज केला तरी फोम गिळून टाकत असे. लंबूने नखाने ती चिकटपट्टी खरवडून काढली. मी पहिल्यांदा दहावर गेलो.

"नाव काय ठेवायचं?" लंबूने विचारलं.

"फर्निचर," ठोक्या म्हणाला. "त्याच्या तोंडचंच घेऊ. बँड दोघांचाच. गायक नाही, धूर नाही, उड्या नाहीत. आणि पहिल्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत मधली खुर्ची त्याची. आपली धून त्याच्या तोंडावर वाजवायची, शब्दांशिवाय. ती कुणाची ते लोकांना कळू दे."

"आणि जमलं नाही तर?"

"तर मुकाट्याने परत जायचं त्याच्या मागे. जन्मभर."

एवढंच ठरलं होतं, आणि सगळं त्याच्यावर होतं.

मग त्यांनी ती धून वाजवली. अशी वाजली की ताईंच्या तोंडात धरलेले बारीक खिळे खाली पडले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. बावीस मिनिटं झाल्यावर ताईंनी येऊन माझा प्लग उपटला.

"अरे, संपत का नाही हे?"

"हा संपवेना," लंबू म्हणाला.

"मी? मी तुझ्याकडे बघत होतो!"

"मी तुझ्याकडे."

"तू कुठला बघतोस? तुझ्या डोळ्यांवर केसांचा पडदा! आणि मी वाजवताना डोळे मिटतो, मला काय दिसणार?"

ताई दोघांकडे बघत राहिल्या. "मग अठरा वर्षं गाणी संपवत कोण होतं?"

दोघांची नजर माझ्या फुटक्या कोपऱ्यावर गेली. दोघांना वाजवायचं सगळं येत होतं. फक्त थांबायचं येत नव्हतं. ते कायम एका माणसाच्या टाचांवर थांबले होते.

महिनाभर खटपट झाली. लंबूने मान हलवून खूण करायची ठरली, पण त्याची मान पहिल्या ठोक्यापासूनच हलत असे. मोजून थांबायचं ठरलं, तर ठोक्या म्हणाला, "मी जन्मात चारच्या पुढे मोजलेलं नाही. चार झाले की पुन्हा एक." शेवटी ताईंनीच तोडगा काढला. त्या पडद्याआड उभ्या राहून वेळ झाली की माझा प्लग ओढणार, मी गप्प झालो की ठोक्याही थांबणार. माझा जीव काढून गाणं संपवायचं! पण मी कुरकुर केली नाही. मला ती मधली खुर्ची बघायची होती.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला, दोनशे खुर्च्यांच्या एका सभागृहात होता. ॲम्प्लिफायरचं तोंड लोकांकडे असतं, त्यामुळे मला सगळं समोर दिसत होतं. आमंत्रण गेलं होतंच, राजे आले. काळा चष्मा, तेच बूट, पाय पुढे पसरलेले. चार लोकांनी सही मागितली, त्यांनी ती दिली.

पहिली तीन गाणी ताईंनी चोख संपवली. आवाज ऐन भरात असताना कापल्यासारखा तुटे, आणि लोकांना ते भलतंच आवडलं. त्यांना वाटलं, हीच यांची शैली! मग शेवटची ती धून सुरू झाली.

दोन सूर झाले आणि लोकांनी ओळखली. राजेंचे ओठ सवयीने हलायला लागले. पण शब्दांना बसायला जागाच नव्हती. लंबूने धून इतकी भरून वाजवली, की तिच्यावर कधी काही ठेवलं होतं हे खोटं वाटावं. पाचव्या रांगेतला एक माणूस बायकोच्या कानाशी मोठ्याने म्हणाला, "अगं, हे यांचंच आहे की!" राजेंनी ते ऐकलं. त्यांनी चष्मा काढला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मी आणखी गरम झालो.

आणि इथेच चूक झाली. ताईंनाही ते तोंड बघायचं होतं. त्या प्लग सोडून पडद्याबाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून राजेंकडे बघत राहिल्या. लंबू केसांतून तिकडेच बघत होता. ठोक्यानेही आज डोळे उघडे ठेवले होते, तेही तिकडेच. मीही तिकडेच. सूड घेण्यात सगळे इतके गुंग, की गाण्याकडे लक्ष कुणाचंच नाही.

बारा मिनिटं झाली. सोळा झाली. मागच्या रांगांत खुर्च्या करकरल्या. लंबूच्या कपाळावर घाम आला. तेव्हा राजेंना उमगलं. त्यांच्याइतकं हे कुणाला कळणार होतं? ते सावकाश हसले, उठले, पायऱ्या चढून मंचावर आले, आणि लोकांना वाटलं, आता खरी मजा! सगळं सभागृह ओरडायला लागलं.

राजेंनी बूट माझ्यावर ठेवला आणि वर चढले. हात पसरले. मला कळत होतं, हे टाचेवर आले आणि गाणं थांबलं, की मोडलेलं सारं पुन्हा जागच्या जागी बसणार. पाचव्या रांगेतला माणूसही म्हणणार, चला, शेवटी राजेच लागले.

ते उडी घेणार, तेवढ्यात लंबूने मनगटाने केस मागे सारले. पहिल्यांदाच. त्याने ठोक्याकडे बघितलं. ठोक्याने लंबूकडे बघितलं.

राजेंनी उडी मारली. बूट आदळले. गाणं चालूच राहिलं.

लोक हसले. राजेही हसले, वर चढले, पुन्हा उडी. गाणं चालू. तिसरी उडी घेतली तेव्हा त्यांचा गुडघा वाजला, तो मला मधल्या सगळ्या गोंगाटात ऐकू आला. चौथ्यांदा त्यांनी पाय उचलला, पण तो माझ्या उंचीला पोचेना. आता कुणी ओरडत नव्हतं. राजे धापा टाकत ठोक्याजवळ गेले.

"थांबवा रे!"

अठरा वर्षं त्यांना 'अहो राजे' म्हणणारा ठोक्या पुढे वाकून म्हणाला, "आम्हाला कुठे येतं थांबवायला? आम्ही फर्निचर. तू उड्या मार ना!"

राजे लंगडत पायऱ्या उतरले. दोनशे खुर्च्यांमधून दारापर्यंतची सगळी वाट त्यांना त्याच धुनेवर चालावी लागली, आणि ती धूनही जरा लंगडीच होती. घाई केली तरी पाय तिच्याच तालात पडत होते. दार बंद झालं. लंबू आणि ठोक्या अजून एकमेकांकडेच बघत होते. मग दोघं एकदम थांबले. ताईंचा हात प्लगच्या जवळपासही नव्हता.

टाळ्या किती झाल्या ते मी सांगणार नाही, तुम्हाला बढाई वाटेल. लंबूने माझ्या डोक्यावर थाप मारली आणि म्हणाला, "बोललास बाबा."

आठवड्याने राजेंचा निरोप आला. तो ॲम्प्लिफायर माझ्या बँडचा आहे, परत पाठवा. मला लंबूने आणलं होतं, पण वस्तू आपली म्हणायला राजेंना कधी वेळ लागत नाही. ताईंनी उलट निरोप धाडला, "आमच्याकडचं सामान आम्ही पाठवत नाही. मालकाने स्वतः यावं, चारचौघांसमोर ओळख पटवावी आणि उचलून न्यावं." राजे अजून आलेले नाहीत.

मित्रांनो, आता मी तुम्हाला क्षमा कशी मोठी ते सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. ते दुसऱ्या कुणाला तरी विचारा. मला विचाराल तर, जुन्या यंत्राला कोरड्या फडक्याने पुसावं, तार गुंडाळून ठेवावी, आणि त्याने काम केलं तर ते त्यानेच केलं असं चारचौघांत सांगावं. एवढं केलंत तर आम्ही तुमच्यासाठी छाती फुटेपर्यंत ओरडू. नाही केलंत तरी राहूच आम्ही तिथे, कोपऱ्यात, गप्प. अठ्ठावीस किलोंचा मी, मला कुठे जायची घाई आहे? राजे येतील तेव्हा बघू.