जोडलेली दोन पाने

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तिका आहे. वयाने फारशी नाही, पण पडून पडून जुनी झालेली. अराज्यवादाची पहिली ओळख करून देणे हे माझे काम. नाव ऐकून घाबरू नका. दंगा करा, असे माझ्यात कुठेही लिहिलेले नाही. कुणी कुणावर हुकूम गाजवू नये, माणसांनी एकमेकांना विचारून, अडीअडचणीला धावून जगावे, एवढेच मी सांगते.

नगरच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. कापताना जरा चूक झाली आणि माझी शेवटची दोन पाने कडेला जोडलेलीच राहिली. भिंगारच्या सुहासने मला विकत घेतले आणि माझे दिवस पालटले. त्याच्या शेजारच्या लंकाबाईंनी आपल्या घराची पुढची खोली त्याला फुकट वापरायला दिली होती. तिथे दर रविवारी वाचायला-बोलायला मुले-मुली जमत. आमच्या मंडळाला अध्यक्ष नाही, असे सगळे अभिमानाने सांगत. सुहास मला उंच धरून म्हणे, "सुरुवात करायची तर हिच्यापासून!" लगेच माझे फोटो निघत, स्टेटसला लागत. मी अगदी फुगून जाई.

हळूहळू माझ्या ध्यानात आले, मला उघडतो तो एकटा सुहास. बाकीचे नुसते ऐकतात. सतरंजी कुठे घालायची, पंखा लावायचा का, सगळे "दादा सांगतील तसं." रोहिणी नावाची एक अबोल मुलगी होती. तिला मला घरी न्यायचे होते. "दादांना विचारून नेते," असे ती म्हणे आणि विचारायचा धीर तिला कधी झाला नाही. बाई गं, उचल ना मला, असे मनात येई. पण मी कुणाला सांगणार?

मग सुहासला पुण्यात नोकरी लागली. पुढच्या रविवारी चौघे आले, मोबाईल बघत बसले आणि उठून गेले. त्यानंतर कुणीच आले नाही. मित्रांनो, फळीवर एकटे पडणे फार वाईट. भिंतीपलीकडे लंकाबाईंची भांडी वाजत, तेवढीच मला सोबत.

परवा त्यांनी खोली भाड्याने द्यायचे ठरवले. मी रद्दीत जाणार होते. आपापले सामान घेऊन जा, असा निरोप सगळ्यांना गेला, आली एकटी रोहिणी. तिने सुहासला फोन लावला.

"दादा, ती पुस्तिका मी नेऊ का?"

"अगं, मला काय विचारतेस?" तो हसला.

ती ओशाळली. मग तिथेच सतरंजी घालून तिने मला पहिल्या पानापासून वाचायला घेतले. शेवटी ती जोडलेली पाने केसातल्या पिनेने सोडवली. तिथे सुहाससुद्धा कधी पोचला नव्हता. आत एवढेच छापले होते: 'आता मला मिटा आणि शेजारी बसलेल्याला विचारा, तुम्हाला काय वाटते?'

रोहिणीने शेजारी पाहिले. खोली रिकामी होती. मला गलबलून आले. मग तिची नजर उंबऱ्याकडे गेली. बाहेर लंकाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. इतके रविवार आमचा चहा त्यांनीच केला होता, उंबऱ्यावरून आत सरकवला होता.

"मावशी, कुणाचा हुकूम नसला, तर माणसं नीट राहतील का? तुम्हाला काय वाटतं?"

लंकाबाईंचे हात थांबले. "मला इचारतीस व्हय? एवढे रविवार झाले पोरी, माज्याच घरात मला कुनी आत या म्हनलं न्हाई."

रोहिणीने सरकून सतरंजीवर जागा केली.

मित्रांनो, मला जपून ठेवू नका. माझ्यावर चहा सांडला, कव्हर फाटले तरी चालेल. पण मला वाचायला घ्याल तेव्हा उंबऱ्याबाहेर कोण बसले आहे, ते आधी बघा.